घाला केव्हा, कुलूप केव्हा? : संगणक-सुरक्षेतील वेळेचे गणित

परांडा तालुक्यातील सोनारी हे श्री काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे प्रसिद्ध असलेले गाव. खिसेकापू यात्रेचाच दिवस का निवडतो, हे तेथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. संगणकावर घाला घालणाराही असाच हिशेब करतो. एकाचा निर्णय दुसऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असताना शहाणपणाची चाल कोणती, याचा विचार करणाऱ्या गणितशाखेस 'खेळ सिद्धांत' म्हणतात. फॉन नॉयमन व मॉर्गनस्टर्न यांच्या १९४४ मधील ग्रंथाने तिचा पाया घातला.

दोन गुण

संगणक-प्रणालीतील अज्ञात दोष हे हल्लेखोराचे शस्त्र होय. ते केव्हा वापरावे, याचे गणित अॅक्सेलरॉड व इलिएव्ह या अभ्यासकांनी २०१४ मध्ये मांडले. शस्त्राचे दोन गुण त्यांनी मानले. वापरल्यानंतरही ते पुन्हा उपयोगी पडण्याची शक्यता म्हणजे 'गुप्तता'. न वापरता राखून ठेवल्यास ते उद्याही चालण्याची शक्यता म्हणजे 'टिकाऊपणा'. गुप्तता अधिक असेल तर घाला लवकर पडतो. टिकाऊपणा अधिक असेल तर हल्लेखोर मोठ्या संधीची वाट पाहतो.

अनुभव काय सांगतो?

विंडोज प्रणालीतील एका दोषावरील दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध झाली. दुरुस्ती जाहीर होताच शस्त्राचा टिकाऊपणा रोज घटू लागतो; म्हणून हल्लेखोर घाई करतो. १२ मे रोजी 'वॉनाक्राय'ने जगभरातील संगणक बंद पाडले. २७ जूनला 'नॉटपेट्या' आला. त्याच्या प्रसाराच्या मार्गांपैकी एक हाच दोष होता. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज त्याने विस्कळीत केले. तोवर दुरुस्ती उपलब्ध होऊन १०५ दिवस झाले होते.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. बनावट कार्डांनी अनेक देशांतील एटीएममधून रकमा काढल्या गेल्या, तो ११ तारखेचा दुसरा शनिवार, म्हणजे बँकांच्या सुटीचा दिवस होता.

ग्रामपंचायतीने काय घ्यावे?

दुरुस्ती बसविल्यास चालू काम अडेल, तेव्हा आधी इतरांना बसवू द्यावी, असा विचार कार्यालयांतून आढळतो. तो अगदीच निराधार नाही. परंतु काम अडण्याचे नुकसान मर्यादित असते व अभिलेखांची प्रत राखलेली असल्यास भरून निघते. उशिराचा धोका मात्र दिवसागणिक वाढतो. शिवाय सर्वांनीच वाट पाहिली, तर सर्वांचीच दारे उघडी राहतात.

यावरून तीन नियम निघतात. पहिला, दुरुस्ती आल्यावर ती बसविण्याचा दिवस आधीच ठरलेला असावा. दुसरा, अभिलेखांची एक प्रत संगणकापासून वेगळी ठेवून ती उघडते की नाही, हे अधूनमधून पाहावे. तिसरा, मार्चअखेर देयकांची गर्दी असते तेव्हा व सुटीच्या आधी दक्षता वाढवावी. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षरीची साधने काम संपताच काढून आपापल्या ताब्यात ठेवावीत.

पैसे गेल्याचे दिसताच १९३० या क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ती गोठविता येते, म्हणून येथेही प्रश्न वेळेचाच आहे. हल्ल्याचा दिवस हल्लेखोर निवडतो. तयारीचा दिवस निवडणे मात्र आपल्या हाती आहे.