पाहुणे की यजमान?

नौपाडा, ठाणे

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तुमच्या मंडळाने परप्रांतातून आलेल्या शेजाऱ्यांना घेऊन सहल ठरवल्याचं वाचून फार बरं वाटलं. इथे जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत. त्या बांधकामावरची उत्तर प्रदेश-बिहारची कुटुंबं, नेपाळी वॉचमन आणि त्यांची बायकामुलं यांची नावंही आपल्याला ठाऊक नसतात. पण तुझा बेत वाचताना मी अडले. बस आपली, डबे आपले, माहिती सांगणारे आपले, आणि शेवटी त्यांच्यापैकी कुणी आभाराचे दोन शब्द बोलायचे. अशाने ती माणसं पाहुणी म्हणून निघतील आणि पाहुणी म्हणूनच परत येतील.

मी पाचवीत असतानाची गोष्ट. वर्गात कोपरीची एक सिंधी मुलगी होती. ती 'शाळा'ला 'शाला' म्हणायची आणि आम्ही हसायचो. हो, मीसुद्धा. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत लाखाच्या आसपास निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा ती फक्त 'कॅम्पवाल्यांतली' होती.

त्या वर्षी सहल अंबरनाथच्या शिवमंदिराला गेली. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधलं शिलाहारांचं देऊळ. गाभारा जमिनीच्या खाली, पायऱ्या उतरून जायचं. आत अंधार. आम्ही दारातच थबकलो. ही मात्र उल्हासनगरला राहणाऱ्या तिच्या मावशीबरोबर कितीदा तरी तिथे आलेली. कुठली पायरी निसरडी ते ती सांगू लागली, आणि एकेकीचा हात धरून तिने आम्हाला खाली नेलं. माझाही. वर पाहिलं तर उघडं आकाश दिसलं.

परतताना बाईंनी तिलाच वाट विचारली. तिने आम्हाला छावणीतल्या तिच्या मावशीच्या बॅरेकवर नेलं. दारात खाटा टाकल्या, पाण्याबरोबर भाजलेले पापड आले. सिंधी घरात आल्यागेल्याला तसेच देतात. मावशीला मराठी येत नव्हतं, म्हणून आम्ही काय बोलतोय ते ती मुलगी तिला समजावत होती. दुसऱ्या दिवसापासून 'शाला'ला कुणी हसलं नाही. बाईंनी त्यावर वर्गात एक शब्दही काढला नव्हता.

म्हणून सांगते, आधी त्यांच्याकडे जाऊन विचार. कुणाचा भाऊ कुठे राहतो, कुणाला कुठली जागा माहीत आहे, कुणाला चाळीस माणसांचा भात न करपवता करता येतो. जागा त्यातूनच ठरव. वर्गणी सगळ्यांकडून घे, अगदी दहा रुपये का असेनात. फुकट नेलेल्या माणसाला तक्रार करता येत नाही, आणि सहलीत तक्रार करता आली पाहिजे. बस नको, लोकलने जा. तिकीट काढणं, मुलं मोजणं ही कामं दोघादोघांत वाट, एक आपल्यातला, एक त्यांच्यातला. रविवारी निघणार असाल तर मेगाब्लॉक आहे का ते आधी बघ. बॅनर धरून फोटो तर मुळीच काढू नका.

तुमच्या गेटवरच्या नेपाळी वॉचमनची बायको गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेली पालेभाजी, घालते, असं तूच मागे म्हणाली होतीस. ते कशाबरोबर खातात, तिला विचार. पापड मी पाठवते.

तुझी,
मावशी