नोकरी सांभाळून पुन्हा भौतिकशास्त्र



वर्गातली काही मुले विचारतात, "काका, तुमचं शिक्षण तर केव्हाच संपलं, मग शनिवारी बाहेर बसून वहीत काय लिहिता?" प्रश्न चांगला आहे, म्हणून या अंकात त्याचे उत्तर.

माझी पदवी अभियांत्रिकीची आणि नोकरी सॉफ्टवेअरची. अभियांत्रिकीत भौतिकशास्त्र भेटते ते कामापुरते. सूत्र घ्यायचे, आकडे घालायचे, उत्तर काढायचे. ते सूत्र आले कुठून, हे विचारायला सवड नसते. ती सवड चाळिशीनंतर काढावी असे ठरवले आणि दूरशिक्षणाने पुन्हा भौतिकशास्त्र शिकायला घेतले.

घरोघरी विद्यापीठ

नोकरी करणाऱ्यांनाही शिकता यावे यासाठी जगात मुक्त विद्यापीठे निघाली. इंग्लंडच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले विद्यार्थी १९७१ साली शिकू लागले. आपल्याकडे १९८५ साली दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नाशिकच्या विद्यापीठाचे ब्रीदच आहे, "ज्ञानगंगा घरोघरी".

जपानमध्ये हेच काम 'होसो दायगाकू' करते. 'होसो' म्हणजे प्रसारण. १९८३ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने १९८५ पासून दूरचित्रवाणी आणि रेडिओवरून शिकवायला सुरुवात केली. आता व्याख्याने इंटरनेटवरही ऐकता येतात. मुख्य ठिकाण आपल्या शेजारच्या चिबा प्रांतात, माकुहारीला आहे. पदवीसाठी येथे १२४ श्रेयांक लागतात. आधीची पदवी असणाऱ्यांना तिसऱ्या वर्षात प्रवेश घेण्याची सोय आहे. पदवी नको असेल, तर निवडक विषयांपुरतेही नाव घालता येते. मी तसेच घातले आहे.

वेळेचा हिशेब

पालकांसाठी हा भाग महत्त्वाचा. जपानी विद्यापीठांत एका श्रेयांकामागे एकूण ४५ तासांचा अभ्यास धरतात. दोन श्रेयांकांच्या विषयाला झाले ९० तास. त्यात ४५ मिनिटांची १५ व्याख्याने, म्हणजे सव्वाअकरा तास. उरलेले सुमारे ७९ तास आपले आपण वाचायचे आणि गणिते सोडवायची! व्याख्यान ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते. खरे काय ते वही उघडल्यावर कळते.

९० तास १५ आठवड्यांत वाटले, की आठवड्याला सहा तास येतात. माझी वाटणी अशी आहे. सोमवार ते शुक्रवार ऑफिसला निघण्यापूर्वी रोज अर्धा तास. शनिवारी मुले मराठीच्या वर्गात असताना दीड तास. रविवारी सकाळी दोन तास. तोझाई लाईनच्या गर्दीत वाचन होते, गणित होत नाही, म्हणून प्रवासाचा वेळ हिशेबात धरलेला नाही. ऑफिसात काम वाढले, की सहाचे दोन तास होतात. त्यामुळे सहामाहीला एकच विषय घेतो. या चालीने १२४ श्रेयांकांना ३१ वर्षे लागतील! पण घाई कसली?

नातेवाईक विचारतात, "यानं पगार वाढेल का?" नाही वाढणार. आणि हे सहा तास आकाशातून पडत नाहीत. काही झोपेतले असतात, काही घरच्या माणसांचे असतात. म्हणून नाव घालण्यापूर्वी घरी विचारावे आणि एक नियम करावा. आमच्या घरी रविवारी दहानंतर वही बंद!

आणखी एक मर्यादा. प्रयोगाशाळेतले काम घरी बसून होत नाही. त्यासाठी अभ्यासकेंद्रात जाऊनच शिकावे लागते.

आकाशपाळण्यातले गणित

आता मुलांसाठी गंमत. कासाई रिंकाई पार्कमधला आकाशपाळणा आपण सर्वांनी पाहिला आहे. तो २००१ साली सुरू झाला. उंची ११७ मीटर, व्यास १११ मीटर, एका फेरीला १७ मिनिटे. गोल फिरणाऱ्या वस्तूला सतत केंद्राकडे ओढ लागते. मग त्यात बसल्यावर आपले वजन बदलते का?

पाळण्याचा परीघ सुमारे ३४९ मीटर. १७ मिनिटे म्हणजे १०२० सेकंद. भागाकार केला, की वेग येतो सेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर. आपण चालतो त्याहूनही कितीतरी हळू! वेगाचा वर्ग करून त्रिज्येने, म्हणजे ५५.५ मीटरने भागले, की केंद्राकडचे त्वरण मिळते: सुमारे ०.००२१ मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्व त्वरण ९.८ आहे. म्हणजे पाळण्याचे त्वरण त्याच्या सुमारे ४६५० वा भाग.

३० किलोच्या मुलाने पाळण्यात वजनकाटा नेला, तर अगदी खाली काटा सुमारे साडेसहा ग्रॅम जास्त दाखवील आणि अगदी वर तितकेच कमी. एक येनचे नाणे बरोबर एक ग्रॅमचे असते. म्हणजे खिशात सहा-सात नाणी टाकल्याइतका फरक. पोटात गोळा येतो तो उंचीला घाबरून, वजन बदलल्यामुळे नव्हे!

हे सूत्र मला विशीतही पाठ होते. ते का खरे आहे, हे आता कळते आहे. मिळकत म्हणाल तर एवढीच.

शब्दांची मजा

जपानी पुस्तकातून शिकताना आपली भाषा नव्याने दिसते. गुरुत्वाला जपानीत म्हणतात 'जूऱ्योकू'; त्यातले 'जू' म्हणजे जड. आपल्या 'गुरु' शब्दाचाही मूळ अर्थ जड, भारी! जडत्वाला ते म्हणतात 'कान्सेई'. त्यातल्या पहिल्या अक्षराचा अर्थ 'सवय होणे'. थांबलेल्या वस्तूला थांबायची सवय, चालत्या वस्तूला चालायची. अभ्यासाचेही तसेच आहे. पहिला महिना जड जातो, मग वही न उघडता चैन पडत नाही.

तुम्हीही दूरशिक्षणाचेच विद्यार्थी

मुलांनो, एदोगावात राहून मराठी शिकणे हेही दूरशिक्षणच. वर्षाचे चाळीस शनिवार आणि दर वेळी दोन तास धरले, तर होतात ८० तास. माझ्या एका विषयाच्या ९० तासांहूनही कमी! तेवढ्यात भाषा येत नाही. उरलेले मराठी घरात, जेवताना, आजी-आजोबांशी फोनवर बोलताना शिकायचे असते. पालकहो, ते तास आपण द्यायचे आहेत.

शब्दार्थ

श्रेयांक – अभ्यासाच्या तासांवर ठरलेले माप
परीघ – वर्तुळाच्या कडेची लांबी
त्रिज्या – केंद्रापासून कडेपर्यंतचे अंतर
त्वरण – वेग बदलण्याचा दर (त्वरा = घाई)
जडत्व – आहे त्याच स्थितीत राहण्याचा गुणधर्म

स्वाध्याय

१. आपले वजन ग्रॅममध्ये लिहून ४६५० ने भागा. पाळण्यात तुमच्यासाठी एक येनची किती नाणी लागतील?
२. पाळणा साडेआठ मिनिटांत एक फेरी करू लागला, तर हा फरक किती पट होईल? (उत्तर चौपट. का, ते आईबाबांबरोबर शोधा.)
३. या आठवड्यात वर्गाबाहेर किती तास मराठीत बोललात? रोज वहीत नोंद करा.