सूचीपासून शोधयंत्रापर्यंत : मराठी संशोधन, ग्रंथपाल आणि ‘हिंगणी’ ही एक नोंद

मराठी साहित्याच्या संशोधनाचा पाया सूचिकारांनी घातला, ही गोष्ट आज काहीशी विस्मरणात गेली आहे. शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’च्या दोन खंडांनी १८०० ते १९५० या कालखंडातील मुद्रित ग्रंथांची जी नोंद करून ठेवली, तिच्यावाचून अव्वल इंग्रजी काळाविषयी एकही विधान जबाबदारीने करता येत नाही. संगणक, महाजाल आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता ही साधने ग्रंथपालाच्या हाती आली आहेत. या साधनांनी सूचीची गरज संपली, असा समज विद्यापीठीय वर्तुळात रूढ होऊ पाहतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे.

याची प्रचीती घेण्यासाठी वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यातले हिंगणी हे गाव पुरेसे आहे. या गावातील लोकगीते, तेथील बोली किंवा गावाचे जुने उल्लेख यांवर एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंध लिहावयाचे ठरविले, तर पहिला शोध तो अर्थातच संगणकावर घेईल. शेजारीच बोर धरण आणि २०१४ मध्ये घोषित झालेला बोर व्याघ्रप्रकल्प असल्याने वाघ आणि पर्यटन यांचीच माहिती प्रथम पुढे येण्याचा संभव अधिक. त्यापलीकडे गेल्यावर खरी अडचण सुरू होते आणि ती तंत्राची नसून मराठीच्या स्वभावाची आहे. मराठीत नाम विभक्तिप्रत्यय घेण्यापूर्वी सामान्यरूप धारण करते. हिंगणीचे ‘हिंगणीत’, ‘हिंगणीचा’ असे होते, येथवर ठीक. परंतु नागपूरजवळच्या हिंगणा या तालुक्याच्या गावाचे ‘हिंगण्यात’ होते आणि महर्षी कर्व्यांच्या संस्थेमुळे प्रसिद्धी पावलेल्या पुण्याच्या हिंगण्याचेही तेच होते. शब्दाचे मूळ शोधून त्याची सर्व रूपे एकत्र आणणारे शोधयंत्र या तीन गावांची सरमिसळ करते. आणि असे मूळ न शोधणारे यंत्र ‘हिंगणी’ मागितले असता ‘हिंगणीच्या’ हा उल्लेखच वगळू शकते. त्यात भर म्हणजे वऱ्हाडी-नागपुरी बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो. बोलीचे ध्वनिलेखन निष्ठेने करणारा संग्राहक ‘हिंगनी’ असेच लिहील आणि तसे लिहिणेच योग्य. रोमन लिपीतील नोंदीत हेच नाव कधी मधल्या स्वरासह, कधी स्वरावाचून येते. एकाच गावाची अशी चार-पाच रूपे जुळविणे हे काम यंत्र आपोआप करीत नाही. ते ग्रंथालयशास्त्रात ज्याला प्रमाण नामनोंद म्हणतात, तिच्या कक्षेतले काम आहे.

यावर उपाय अवघड नाही. जनगणनेत प्रत्येक गावाला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक असतो. स्थलनामाच्या नोंदीला तो क्रमांक जोडला की नावाचे लेखन कसेही असो, नोंद एकाच गावाची राहते. कोहा ही मुक्त संगणकप्रणाली आज अनेक महाविद्यालये वापरतात. तिच्यातील मार्क नोंदपद्धतीत एकच शीर्षक दोन लिप्यांत परस्परांशी जोडून ठेवण्यासाठी ८८० क्रमांकाचे क्षेत्र आहे. मराठी ग्रंथालयांनी या क्षेत्राचा उपयोग मनावर घेतल्याचे मात्र दिसत नाही. बहुसंख्य नोंदी एक तर केवळ रोमन लिपीत, नाही तर केवळ देवनागरीत राहतात.

देवनागरीच्या संगणकीय इतिहासाचाही येथे विचार करावयास हवा. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाणक १९९१ मध्ये निश्चित झाले आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. तरीही पुढील दीड-दोन दशके मराठीची अक्षरजुळणी प्रामुख्याने निरनिराळ्या खाजगी टंकांमध्येच होत राहिली. या टंकांत पडद्यावर ‘क’ दिसतो. आत साठविलेला असतो तो एखाद्या इंग्रजी अक्षराचा क्रमांक. अशा टंकात सिद्ध केलेला प्रबंध डोळ्यांना निर्दोष दिसतो, परंतु शोधयंत्राच्या दृष्टीने तो निरर्थक अक्षरांचा ढीग असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या विनियमांनी प्रबंधांची संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले आणि इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’ या भांडारात हजारो प्रबंध जमा झाले. त्यांतील जुन्या टंकांतले मराठी प्रबंध भांडारात आहेत, पण शोधात नाहीत. वाङ्मयचौर्याच्या तपासणीवर याचा होणारा परिणाम गंभीर आहे. २०१८ च्या विनियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य मानले जाते. पण ज्या प्रबंधातून उचल झाली, त्याची अक्षरेच तपासणी-प्रणालीला वाचता येत नसतील, तर साम्य शून्य निघणे अगदी स्वाभाविक आहे. त्या शून्याला स्वतंत्र प्रज्ञेचे प्रमाणपत्र मानणे ही शुद्ध फसगत होय.

युनिकोडमुळे सर्व प्रश्न सुटले, असेही नाही. ‘तऱ्हा’ या शब्दातील अर्धा ‘र’ दोन वेगळ्या क्रमांक-रचनांनी साठविता येतो. दिसतो मात्र एकसारखा. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. तत्पूर्वीचे लेखन ‘अ’ला चंद्र जोडून, किंवा हिंदी वळणाने ‘ए’वर चंद्र देऊन झालेले आहे. त्यातच १९६२ पूर्वीच्या ग्रंथांतील अनुच्चारित अनुस्वारांची भर पडते. छापील पानाचे प्रतिमेवरून अक्षरांत रूपांतर करणारी टेसरॅक्टसारखी मुक्त साधने मराठीला उपलब्ध आहेत आणि ती उपयुक्तही आहेत. तथापि जुन्या खिळ्यांच्या छपाईवर ती अडखळतात आणि अनुस्वाराचा ठिपका हा कागदावरचा डाग आहे की व्याकरण, हा निर्णय त्यांना नेहमीच करता येतो असे नाही. अशा रूपांतरित पाठावरून शब्दांची वारंवारिता मोजून शैलीविषयक निष्कर्ष काढणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

शीर्षकांचे आणि नावांचे प्रश्न आणखी निराळे. विनोबांनी १९२३ मध्ये वर्ध्याहून ‘महाराष्ट्र-धर्म’ हे नियतकालिक सुरू केले. हे शब्द शोधयंत्राला दिले असता रामदास, न्यायमूर्ती रानडे आणि राजवाडे यांच्या संदर्भातील त्या संकल्पनेची चर्चा ओघाने येते आणि नियतकालिक मागे पडते. ‘ग्रेस’ या नागपूरच्या कवीचा शोध रोमन लिपीत घेणाऱ्याची काय अवस्था होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी! कृतीचा प्रकार, प्रकाशनस्थळ आणि वर्ष यांची नोंद वेगवेगळ्या क्षेत्रांत असेल तरच यंत्राला हा भेद करता येतो.

शब्द आणि स्थळ यांची सांगड चांगल्या रीतीने कशी घालता येते, याचे उदाहरण मराठीतच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह जमविलेल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांची नोंद गायिका, गाव आणि विषय यांनुसार झाली होती. म्हणूनच पुढे तो संग्रह ‘पारी’ या संकेतस्थळावर आला तेव्हा अभ्यासकाला वापरता आला. वर्गीकरण आधी झाले, यंत्र नंतर आले. शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ महाजालावर खुले केले, तेव्हाही त्यांमागे कोशकारांची मूळ शिस्त उभी होती. याउलट, पानांच्या लक्षावधी प्रतिमा घाईने घेणाऱ्या ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या उपक्रमात मराठी ग्रंथनामांचे रोमन लेखन इतके स्वैर झाले की, ग्रंथ उपलब्ध असूनही हाती लागणे दैवाधीन ठरले.

जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ ही योजना सुरू झाली आहे. आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके तिच्याद्वारे शासकीय संस्थांना मिळतात. भौतिकशास्त्राच्या अध्यापकाला तिचे मोल फार मोठे आहे. मराठीच्या अभ्यासकाला लागणारे जुने अंक मात्र अशा कोणत्याही सदस्यत्वाने मिळण्यासारखे नाहीत. ते ग्रंथसंग्रहालयांच्या कपाटांत आहेत.

२०२२ च्या अखेरीपासून सर्वत्र वापरात आलेली संभाषणशील यंत्रे या उणिवेवर एक घातक उपाय सुचवितात. ग्रंथ सापडला नाही तर ती तो कधीकधी रचून देतात : लेखक, प्रकाशक, वर्ष यांसह. १९५० पूर्वीच्या अशा संदर्भाची शहानिशा दात्यांच्या सूचीवरून काही मिनिटांत होऊ शकते. नंतरच्या काळासाठी राष्ट्रीय ग्रंथसूची आणि ग्रंथसंग्रहालयांच्या तालिका पाहाव्या लागतात. ग्रंथपालाने या पडताळणीची सवय विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी लावावयास हवी.

हिंगणीवरील प्रबंधाच्या संदर्भात ग्रंथपालाने आणखी एक नोंद ठेवावी असे सुचवावेसे वाटते. नावाच्या कोणत्या रूपाने, कोणत्या लिपीत, कोणत्या भांडारात, कोणत्या दिवशी शोध घेतला आणि काय आढळले नाही, याची ती वही असावी. प्रबंधाच्या परिशिष्टात ती जोडली म्हणजे ‘या गावाविषयी लिखित साहित्य नाही’ या विधानाचा नेमका अर्थ परीक्षकाला कळेल आणि पुढील अभ्यासकाला ‘हिंगनी’पासून आरंभ करता येईल.