चित्र सुरळीत, मग आवाजच का अडखळतो?

प्रश्न : माझ्या लॅपटॉपमध्ये सहाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि विंडोज १० आहे. व्हिडिओ लावला की चित्र छान चालतं, पण आवाज मध्येच तुटतो. टक्‌टक्‌ होतं, कधी शब्दाचं शेपूटच गायब होतं. दुरुस्तीवाले म्हणतात, साउंडची चिप मदरबोर्डवरच असते, ती गेली, बोर्ड बदला. पण चित्राला काही होत नाही आणि नेमका आवाजच कसा बिघडतो, हे मला कळत नाही.
– एक वाचक, अकोला

उत्तर : बोर्ड बदलण्याची घाई करू नका. तुमच्या शंकेतच बिघाडाचा माग दडला आहे, म्हणून आधी तिचंच उत्तर पाहू.

व्हिडिओमधला आवाज बहुधा सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या रूपात साठवलेला असतो. ऑडिओ सीडीत हाच आकडा ४४,१०० असतो. विंडोज हे नमुने साधारण १० मिलिसेकंदांच्या घासांनी, म्हणजे एका वेळी ४८० नमुने, साउंड चिपकडे पोहोचवते. चिप कुणासाठी थांबत नाही. एक घास संपला की पुढचा तयार हवाच; नसेल तर तेवढा वेळ शांतता, आणि त्या शांततेच्या दोन्ही कडांना ‘टक्‌’. हार्मोनियमचा भाता हाताने थांबून थांबून हलत असला तरी सूर अखंड राहतो, कारण आतल्या भात्यात थोडी हवा शिल्लक असते. हात जास्त वेळ थांबला की सूर बसतो. संगणकातली ही शिल्लक, म्हणजे बफर, फार लहान असते.

चित्राची गोष्ट वेगळी. सेकंदाला २५ चौकटी असतील तर एक चौकट ४० मिलिसेकंद पडद्यावर राहते. एखादी गळली तर आधीचीच आणखी ४० मिलिसेकंद दिसते आणि बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही. कानाला मात्र सलग आवाजातली दोन-तीन मिलिसेकंदांची फटही ऐकू येऊ शकते. त्यामुळे संगणकात कुठेही उशीर झाला तरी त्याची पहिली तक्रार कान करतात.

हे ठाऊक असल्यामुळेच बहुतेक व्हिडिओ प्लेअर आवाजाला घड्याळ मानतात. आवाज आपल्या गतीने पुढे जातो आणि चित्राने त्याला गाठायचं असतं. यंत्र दमू लागलं की प्लेअर चौकटी गाळतो आणि आवाज सांभाळतो. एवढं करूनही आवाज तुटत असेल, तर उरतात दोन मोठ्या शक्यता. एक तर प्रोसेसर इतका थकला आहे की चौकटी गाळूनही भागत नाही, नाहीतर अडथळा अशा पातळीवर आहे जिथे प्लेअरचं काही चालत नाही. यातलं कोणतं खरं, हे घरबसल्या कळू शकतं.

यूट्यूबवर व्हिडिओ चालू असताना त्यावर राइट क्लिक करा आणि ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ निवडा. कोपऱ्यात एक चौकोन येईल. ‘ड्रॉप्ड’ म्हणजे गळलेल्या चौकटी. आवाज तुटतो तेव्हा हा आकडा भराभर वाढत असेल तर पहिली शक्यता. तो जवळपास जागचा हलत नसेल तर दुसरी. व्हिडिओ थांबून गोल चक्र फिरत असेल तर मात्र दोष इंटरनेटचा. नेट हळू असलं की चित्र आणि आवाज दोन्ही थांबतात, एकटा आवाज सहसा तुटत नाही.

पहिली शक्यता निघाली तर त्याच चौकोनातली ‘कोडेक्स’ ही ओळ पाहा. यूट्यूब आता बरेच व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतींनी आवळून पाठवतं. त्यात डेटा वाचतो, पण ते उलगडण्याचं काम जड असतं. इंटेलमध्ये व्हीपी९ पूर्णपणे उलगडणारी खास यंत्रणा सातव्या पिढीपासून आली आणि एव्ही१ची अकराव्या पिढीपासून. तुमच्या सहाव्या पिढीत हा बोजा बराचसा थेट प्रोसेसरवर पडतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. सीपीयूचा आकडा शंभराला टेकत असेल तर कारण सापडलं. उपायही सोपे आहेत. दर्जा १०८०पीवरून ७२०पीवर आणा. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद पडलेलं नाही ना, हे बघा. ‘एच२६४इफाय’ नावाचं एक छोटं एक्स्टेंशन आहे, ते यूट्यूबकडून जुन्या एच.२६४ पद्धतीतलंच चित्र मागवतं आणि तुमचा प्रोसेसर ते सहज उलगडतो. या पद्धतीत यूट्यूब १०८०पीच्या वरचा दर्जा देत नाही, पण लॅपटॉपच्या पडद्यावर तेवढा पुरतो.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट तपासा. व्हिडिओ सुरुवातीला नीट चालतो आणि काही वेळाने आवाज तुटू लागतो, असं असेल तर उष्णतेचा संशय घ्या. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती कमी करतो. पंख्याच्या जाळीत धूळ बसली असेल किंवा लॅपटॉप गादीवर ठेवून झरोके बुजले असतील, तर अकोल्याच्या मे महिन्यात हे व्हायचंच. आतून साफसफाई करून घ्या; बोर्डाच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

आता दुसरी शक्यता : चौकटी गळत नाहीत, सीपीयू निवांत आहे, तरी टक्‌टक्‌ सुरूच. यात बऱ्याचदा एखादा ड्रायव्हर दोषी निघतो. वाय-फाय, ग्राफिक्स, बॅटरी यांचे ड्रायव्हर प्रोसेसरकडून थोडा वेळ ‘आत्ताच्या आत्ता’ मागून घेतात. त्या वेळात प्रोसेसरचा तो गाभा दुसरं कोणतंही साधं काम करत नाही, आवाजाचं सुद्धा. हे काम १०० मायक्रोसेकंदांच्या आत आटपावं, अशी मायक्रोसॉफ्टची ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना शिफारस आहे. वाईट लिहिलेला ड्रायव्हर कित्येक मिलिसेकंद अडून बसतो. सीपीयूचा सरासरी आकडा तेव्हाही दहा-पंधरा टक्केच दिसतो, त्यामुळे टास्क मॅनेजर पाहून काहीच कळत नाही आणि दोष बिचाऱ्या साउंड चिपवर येतो. चांगल्या यंत्रांचे बोर्ड यापायी विनाकारण बदलले जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

यातला एक जुना प्रसंग सांगण्याजोगा आहे. २००७मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आली. गाणं लावलं की नेटवर्कवरून फाइल कॉपी होण्याचा वेग पडतो, असं वापरणाऱ्यांच्या लक्षात आलं. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टचे मार्क रुसिनोविच यांनी कारण उलगडून सांगितलं. नेटवर्कच्या पाकिटांचा लोंढा आला की त्याचा ड्रायव्हर प्रोसेसर अडवतो आणि आवाज तुटतो. म्हणून आवाज चालू असताना मिलिसेकंदाला दहाच पाकिटं हाताळायची, असा लगाम मुद्दामच घातलेला होता. फाइल थोडी उशिरा आली तर चालेल, पण गाणं तुटायला नको, असा तो निर्णय होता. वेगवान नेटवर्कवर त्याची किंमत जास्तच पडली, पण निर्णयामागचा विचार मला योग्य वाटतो. हा लगाम रजिस्ट्रीत जाऊन काढून टाका म्हणजे नेट पळेल, असा सल्ला अजूनही दिला जातो. तुम्ही तो कधी अमलात आणला असेल तर बदल आधी मागे घ्या.

दोषी ड्रायव्हर शोधण्यासाठी ‘लेटन्सीमॉन’ हा प्रोग्राम आहे, घरगुती वापराला मोफत. तो चालू करून व्हिडिओ पाहा. सर्वांत जास्त वेळ अडवणाऱ्या ड्रायव्हरचं नाव तो दाखवतो. तेही नको असेल तर एक व्हिडिओ लॅपटॉपवर उतरवून घ्या, वाय-फाय बंद करा आणि व्हीएलसीमध्ये तो चालवा. आवाज सुधारला तर वाय-फायचा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नव्याने घ्या. एखाद्या अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करून जुन्यावर परता. साउंडच्या सेटिंग्जमध्ये ‘एन्हान्समेंट्स’ असतात, आवाज घुमवणं, खर्ज वाढवणं वगैरे. त्या सगळ्या बंद करून पाहा. कधी कधी एवढ्यानेच भागतं.

आणि बोर्डाचा निकाल लावायचाच असेल तर उबुंटू लिनक्स एका पेन ड्राइव्हवर घ्या आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. काही इन्स्टॉल करायचं नाही, विंडोजला हात लागत नाही. तोच उतरवलेला व्हिडिओ तिथे चालवा. आवाज नितळ आला तर साउंड चिप धडधाकट आहे आणि दोष विंडोजमधल्या कुठल्यातरी ड्रायव्हरचा किंवा सेटिंगचा आहे. तिथेही तुटला तर आधी दुसरा इअरफोन लावून बघा. अगदी चिपच गेली असेल, तरी यूएसबीला लावायचं छोटं साउंड कार्ड मिळतं. त्यासाठी बोर्ड बदलावा लागत नाही.

प्रश्न : लॅपटॉपच्या स्पीकरवर आवाज उत्तम येतो, पण ब्लूटूथ हेडफोन लावला की तुटतो. हेही ड्रायव्हरमुळेच का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : असू शकेल, पण आधी आजूबाजूला पाहा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतं आणि त्याच पट्ट्यात वाय-फायचीही गर्दी असते. राउटरला ५ गिगाहर्ट्‌झची सोय असेल तर लॅपटॉप त्यावर जोडा. दुसरं कारण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही : यूएसबी ३.० पोर्टला लावलेली हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह. त्यांच्या वेगवान संदेशांमुळे नेमक्या याच पट्ट्यात रेडिओचा गोंगाट होतो, हे इंटेलने २०१२मध्ये एका तांत्रिक लेखात दाखवून दिलं होतं. डिस्क काढून पाहा. ब्लूटूथसाठी वेगळा डाँगल वापरत असाल तर तो हातभर लांबीच्या यूएसबी एक्स्टेंशन वायरने डिस्कपासून दूर ठेवा. आवाज तुटत नाही पण टेलिफोनसारखा पातळ येतो, असं असेल तर ती वेगळी गोष्ट. तेव्हा कुठल्यातरी प्रोग्रामने हेडफोनचा माइक उघडून ठेवलेला असतो आणि हेडफोन बोलण्यापुरत्या, कमी दर्जाच्या पद्धतीवर गेलेला असतो. तो प्रोग्राम बंद करा किंवा साउंडच्या सेटिंग्जमध्ये लॅपटॉपचाच माइक निवडा.