नाताळाचा फराळ आणि ज्याच्या घरी कढई चढली नाही त्याचा वाटा

वाचनाकरिता शास्त्रभाग : नहेम्या ८:१-१२, २ राजे ४:१-७, लूक १०:३८-४२, १ करिंथ १०:२३-३३.

नाताळ समीप आला म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती घरांत दोन तयाऱ्या सुरू होतात. एक मंदिरात : गीतांचा सराव, मुलांचे संवाद, भिंतींस चुना. दुसरी चुलीपुढे. पहिलीविषयी पुष्कळ लिहिले व बोलले जाते. दुसरीविषयी लिहिणे म्हणजे पाळकाने बायकांच्या कामात डोकावणे होय, असे काही वाचकांस वाटेल. परंतु ज्या तयारीत घरचे धान्य, घरचा पैसा आणि घरच्या स्त्रीचे श्रम सर्वांत अधिक खर्ची पडतात, तिच्याविषयी शास्त्राचे काही म्हणणेच नाही, असे मानणे बरे नव्हे. म्हणणे आहे, व ते स्पष्ट आहे.

नहेम्याचा आठवा अध्याय उघडावा. बंदिवासातून परतलेल्यांची ती मंडळी सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी यरुशलेमेत पाणीवेशीसमोरच्या चौकात जमली. एज्रा शास्त्र्याने पहाटेपासून दोन प्रहरापर्यंत नियमशास्त्र वाचले, आणि लेव्यांनी लोकांस त्याचा अर्थ उलगडून सांगितला. (आमच्या प्रचारक बंधूंनी या लेव्यांकडे लक्ष द्यावे. वाचणारा एक होता, पण समजूत पाडणारे हे पुष्कळ होते.) ते ऐकून लोक रडू लागले. तेव्हा पुढाऱ्यांनी त्यांस उपास सांगितला नाही. घरी जाऊन चांगलेचुंगले खावे, गोड प्यावे, आणि ज्यांच्याकरिता काहीच सिद्ध झालेले नाही त्यांस वाटे पाठवावे, असे सांगितले. लोकांनी तसे केले, कारण ऐकलेली वचने त्यांस समजली होती, असे बाराव्या ओवीत लिहिले आहे. गोड खाणे व वाटा पाठवणे या दोहोंची आज्ञा एका श्वासात दिलेली आहे. तिचा पहिला अर्धा भाग पाळावयास आपणांस कोणी शिकवावे लागत नाही. हा पाठ दुसऱ्या अर्ध्याकरिता आहे.

प्रथम एका शंकेचा निकाल लावू. नव्याने विश्वासात आलेली कुटुंबे विचारतात की, करंजी, अनारसे, चकली ही तर दिवाळीची पक्वान्ने. ती ख्रिस्ती घरात करावी काय? माझे उत्तर असे आहे की, करंजीस धर्म नाही. गहू, नारळ व गूळ ही देवाने दिली, आणि पृथ्वी व तिच्यावरील सर्व काही प्रभूचे आहे, या आधारावरच पौलाने करिंथच्या मंडळीस बाजारातील अन्नाविषयी मोकळीक दिली. गोमंतकात पाहा. तेथील ख्रिस्ती घरांत नाताळास जी नेवरी करतात ती आपली करंजीच, आणि तीच नेवरी शेजारच्या हिंदू घरात चतुर्थीस गणपतीपुढे जाते. सारण तेच, दुमड तीच; उपकार कोणाचे मानले, एवढाच फरक. ओवी छंदाचेही असेच झाले. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेले ख्रिस्तपुराण ओवीत आहे, आणि रे. नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर आपली अभंगवाणी प्रभूच्या पायी वाहिली. ती गावयास आज कोणती मंडळी कचरते?

दिवाळीस शेजाऱ्यांकडून येणाऱ्या ताटाचा प्रश्न थोडा निराळा आहे. पौल म्हणतो, कोणी आमंत्रण दिले तर पुढे वाढलेले चौकशी न करता खावे. पण हे मूर्तीस दाखविलेले आहे असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकाकरिता खाऊ नये. येथे शेजाऱ्याचा अपमान होऊ न देण्याचे चातुर्य लागते. जो मनुष्य दिवाळीचे ताट तिरस्काराने परत करतो आणि नाताळास आपले ताट घेऊन त्याच दारी जातो, त्याच्या ताटाची मला चिंता वाटते.

आता फराळाकडे वळू. डिसेंबर हा आमच्या नगर, बीड, जालना या बाजूस रिकाम्या हाताचा महिना नव्हे. खरिपाची बाजरी घरात आलेली असते, भुईमुगाच्या शेंगा वाळलेल्या असतात, तीळ झाडून झालेले असतात, गुऱ्हाळे पेटून नवा गूळ बाजारात येतो. असे असता आपण मैदा, साखर व वनस्पती तुपाचे डबे वाण्याकडून उधार आणतो, आणि घरचे शेंगदाणे तसेच पोत्यात राहतात. हे मला कधी उमगले नाही. दोन वाट्या शेंगदाणे मंद आचेवर भाजून, साले पाखडून, एक वाटी चिरलेल्या गुळाबरोबर उखळात कुटावे. दाण्यांस तेल सुटते व लाडू आपोआप वळतो. तूप लागत नाही. शंकरपाळ्यांऐवजी, आषाढात करतो त्या कापण्या कराव्या. पाऊण वाटी गूळ थोड्या कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, दोन वाट्या गव्हाच्या पिठात दोन चमचे बेसन, चिमूटभर मीठ व दोन चमचे कडकडीत तेलाचे मोहन घालून गुळाच्या पाण्याने घट्ट भिजवावे, जाड लाटून वर तीळ दाबावे, आणि चौकोन कापून मंद आचेवर तळावे. गूळ लवकर करपतो, म्हणून आच मोठी करू नये. त्या पूर्ण निवाल्यावर डब्यात भराव्या. गरम भरल्यास वाफ धरून मऊ पडतात. ज्यांस साखरेच्या शंकरपाळ्याच हव्यात त्यांनी दूध, साखर व तूप समान वाटीने घेऊन तापवावे, आणि निवल्यावर मावेल तितका मैदा घालावा. एकेका वाटीस सुमारे पाच वाट्या मैदा लागतो. चकलीच्या भाजणीचे प्रमाण बहुतेक घरांत ठाऊक आहे : तांदूळ चार, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची एक, सर्व निरनिराळे भाजून. मोहन फार झाले तर चकली तेलात विरते, एवढे ध्यानात ठेवावे.

अनारशाविषयी मात्र थोडे अधिक लिहितो, कारण आगमनकाळाचे चार रविवार म्हणजे काय हे मला पुस्तकांपेक्षा अनारशाच्या पिठाने अधिक समजले. तांदूळ तीन दिवस भिजत ठेवावे लागतात आणि पाणी रोज बदलावे लागते. एक दिवस विसरले तर आंबूस वास येतो. चौथ्या दिवशी ते उपसून फडक्यावर सावलीत पसरावे, आणि ओलसर आहेत तोवर कुटून बारीक चाळावे. मग पिठाच्या वजनाइतका किसलेला गूळ व चमचाभर तूप घालून घट्ट गोळा करून झाकून ठेवावा. पुढील पाच ते आठ दिवस करावयाचे काही नाही. गोळा आत आपले काम करीत असतो, आणि घाई करणारीच्या हाती काही लागत नाही. तळताना पुरी खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडावी, वरून झाऱ्याने तूप उडवावे, उलटू नये. अनारसा तुपात फुटून पसरला म्हणजे आपल्या बायका तो हसला असे म्हणतात. अशा वेळी गोळ्यात थोडे तांदळाचे पीठ मिसळावे. फारच घट्ट झाला तर पिकल्या केळ्याचा लहान तुकडा कुसकरून घालावा. मंडळीतील तरुण मुलींनी हे आपल्या आजीजवळ बसूनच शिकावे. लिहिलेल्या मापाने अनारसा येत नाही, हाताच्या ओळखीने येतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा पाठ लिहावयास घेतला तिकडे येतो. नाताळापूर्वीच्या आठवड्यात गीते गाणारी मंडळी घरोघर जाते, व तिच्याबरोबर पाळकही जातो. प्रत्येक घरी चहा व फराळाचे ताट पुढे येते. एका वर्षी एका मजूर कुटुंबाच्या ताटात पाच पदार्थ पाहून मी घरच्या बाईंची तोंड भरून स्तुती केली, आणि प्रार्थनेतही त्या भरलेल्या घराबद्दल उपकार मानले. फेब्रुवारीत कळले की, ते पाच पदार्थ उधारीवर आणलेल्या सामानाचे होते, आणि ती उधारी फेडण्याकरिता धाकट्या मुलास शाळा बुडवून ऊसतोडीस नेले होते. शेजारच्या घरी चार पदार्थ होते, म्हणून येथे पाच झाले. आणि ती स्पर्धा लावणारा मी होतो, कारण प्रत्येक ओसरीवर मी ताटाचे कौतुक करीत चाललो होतो. त्या मुलाचे बुडालेले आठवडे मला भरून देता आले नाहीत.

दुसऱ्या राजांच्या चौथ्या अध्यायातील ती विधवा कोण होती हे पुष्कळदा वाचताना निसटते. ती संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एकाची बायको होती. म्हणजे आजच्या बोलीत प्रचारकाची विधवा. परमेश्वराचे भय धरणारा मनुष्य देणे ठेवून मेला होता, आणि धनको तिचे दोन मुलगे दास करावयास आला होता. घरात तेलाच्या एका भांड्यावाचून काही नव्हते. अलीशाच्या शब्दाप्रमाणे तेल वाढले तेव्हा तिला सांगण्यात आले ते हे की, तेल विकून आधी देणे फेडावे, आणि उरेल त्यावर आपण व मुलांनी निर्वाह करावा. चमत्काराचे तेल असूनही क्रम तोच राहिला. ज्या घरी वाण्याची, पतपेढीची वा बचत गटाची थकबाकी आहे, त्या घराने या नाताळास कढई चढवली नाही तर त्याच्या विश्वासास काहीही उणेपणा येत नाही, असे प्रत्येक प्रचारकाने आपल्या मंडळीत उघड सांगावे. हे पाळकाने सांगितल्यावाचून लोक मानणार नाहीत.

त्याबरोबर एक लहान ठराव मंडळीच्या पंचांनी करावा. गीतमंडळी येईल त्या रात्री कोणत्याही घराने एकाच पदार्थापलीकडे काही ठेवू नये, आणि ज्यास तोही ठेवणे जमत नाही त्याने पाण्याचा तांब्या पुढे करावा. आमच्याकडे पहिल्या वर्षी काही पुढाऱ्यांस हे रुचले नाही. पाहुणचार कमी झाला असे ते म्हणाले. पण पूर्वी जी पाच सहा घरे आजारपणाचे निमित्त करून दार लावून घेत, ती त्या वर्षी उघडी होती.

मार्थेविषयीही बोलले पाहिजे, कारण आपण पुरुष तिच्यावर उपदेश फार करतो. प्रभूने तिच्या रांधण्यास दोष दिला नाही. पुष्कळ गोष्टींच्या काळजीने तिच्या मनाची ओढाताण झाली होती, ती त्याने दाखवून दिली. आमच्या मंडळ्यांत नाताळाच्या सकाळच्या उपासनेस मागच्या रांगा रिकाम्या दिसतात, आणि त्या रांगांवर बसणाऱ्या स्त्रिया त्या वेळी घरी पाहुण्यांच्या पोळ्या लाटीत असतात. घरचा पुरुष पुढच्या रांगेत बसून मार्थेचा धडा ऐकतो. यावर उपदेश पुरेसा नाही. पुरुषांनी व मुलग्यांनी आदल्या दिवशी पाणी भरावे, दाणे भाजावे, उखळ हाती घ्यावे. टिकणारे सर्व पदार्थ चोवीस तारखेच्या दुपारपर्यंत होऊन डब्यात जावे, आणि पंचवीस तारखेस उपासना संपेपर्यंत भातापलीकडे काही शिजवू नये.

शेवटी वाटा. गोमंतकातील ख्रिस्ती घरे नाताळच्या पक्वान्नांचे ताट भरून शेजारी पाठवतात. त्यास ते कुसवार म्हणतात. आपल्याकडेही ही चाल आहे, पण आपले ताट बहुधा जेथून ताट परत येईल तेथेच जाते. लूक १४:१२-१४ मध्ये प्रभूने नेमके याविषयीच सांगितले आहे. म्हणून वाट्याची यादी पंचांनी पहिल्या रविवारीच करावी : एकट्या राहणाऱ्या आजी, पुरुष माणूस तालुक्याच्या इस्पितळात पडला आहे ते घर, तोडीवर गेलेल्यांची मागे राहिलेली म्हातारी माणसे, आणि त्या वर्षी ज्यांच्या घरी मृत्यू झाला म्हणून कढई चढवीत नाहीत ते. यांत ख्रिस्ती व इतर असा भेद करू नये. वाटा डबे भरण्यापूर्वी काढावा, उरल्यावर नव्हे. बवाजाने रूथ हिला बेथलेहेमेच्या शेतात भाजलेले धान्य दिले, आपल्या हुरड्याच्या जातीचे. ती पोटभर जेवली आणि उरलेले सासूकरिता घेऊन गेली. हाती देताना ते धान्य एवढे होते, यावरून देणाऱ्याचा हात ओळखावा. आणि वाटा द्यावयास मुलास पाठवावे. मोठी माणसे गेली म्हणजे घेणाऱ्यास उपकार जड होतात, मुलाच्या हातून घेताना होत नाहीत.

ज्यांस अनारसे करावयाचे आहेत त्यांनी दहा डिसेंबरच्या आत तांदूळ भिजत घालावे, आणि भिजवताना यादीतील घरांकरिता एक मूठ अधिक घालावी.