फतेगंजातून समन्स आलं तर

बडोद्यात फौज शेजारीच राहते. फतेगंजात ईएमई स्कूल, मकरपुऱ्याकडे हवाई दलाचं ठाणं. एखाद्या जवानावर कोर्ट मार्शल बसलं की साक्षीचं बोलावणं ठेकेदाराला, बँकेतल्या कारकुनाला, खोली भाड्याने देणाऱ्या घरमालकालाही येऊ शकतं.

काय करावे

• आधी सही कोणाची ते पाहा. सैन्य कायदा १९५०, कलम १३५ नुसार समन्स चौघेच काढू शकतात: कोर्ट मार्शल बोलावणारा अधिकारी, त्याचा अध्यक्ष, जज ॲडव्होकेट आणि आरोपीचा कमांडिंग ऑफिसर (सीओ). हवाई दलाच्या कायद्यातही अशीच सोय आहे.

• ते कोणाच्या हातून आलं हेही पाहा. नोकरीतल्या जवानाचं समन्स त्याच्या सीओकडे जातं, तुमचं मॅजिस्ट्रेटकडे. मॅजिस्ट्रेट ते स्वतःच्या कोर्टाचं असल्यासारखं बजावतो. त्यामुळे ‘आपण कुठे फौजेत आहोत?’ म्हणून ते बाजूला ठेवता येत नाही. निवृत्त सुभेदारसाहेबही इथे नागरिकच. शंका वाटली तर दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात विचारा.

• कागद मागितले असतील तर नेमके कोणते, ते समन्समध्ये वाचा. ‘सगळे हिशेब घेऊन या’ एवढ्यावर भागत नाही. वर्णन पुरेसं नेमकं हवं, असं कायदाच म्हणतो. मूळ कागद दिलात तर पोच घ्या, झेरॉक्स घरी ठेवा.

• इंग्रजी-हिंदी अडत असेल तर दुभाषा मागा. त्यात कमीपणा नाही.

• बेधडक जा. कलम ३० प्रमाणे साक्षीला जाता-येता दिवाणी किंवा महसुली हुकमावर अटक होत नाही.

काय टाळावे

• कोर्ट ऑफ इन्क्वायरीला कोर्ट मार्शल समजू नका. पहिली चौकशी, दुसरा खटला. पण ‘चौकशीच तर आहे’ म्हणून सैल बोलूही नका. १९५४ च्या सैन्य नियमांतला १८२ वा नियम चौकशीतलं बोलणं जवानाविरुद्ध पुरावा म्हणून वापरू देत नाही, अपवाद खोट्या साक्षीच्या खटल्याचा. हा आडोसा फौजींपुरता आहे, नागरिकाने तो आपला धरू नये. आणि निव्वळ चौकशीनेही काय होतं, हे बडोदेकरांना सांगायला नको: ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअरवर विषप्रयोग केल्याच्या आरोपावरून १८७५ साली महाराजा मल्हारराव गायकवाडांवर कमिशन बसलं, सहा सदस्य तीन-तीन असे फुटले, तरी गैरकारभाराचं कारण दाखवून गादी गेलीच.

• टपाल खात्यात असाल तर लोकांची पत्रं फौजी समन्सवर देऊ नका. त्यासाठी जिल्हा मॅजिस्ट्रेट, सेशन्स कोर्ट किंवा हायकोर्टाचा हुकूम लागतो.

• आरोपीच्या घरी बसून साक्ष जुळवू नका. कोर्ट मार्शलपुढची खोटी साक्ष हा न्यायालयापुढच्यासारखाच गुन्हा आहे.

• वर्दीतला कोणी व्हिडिओ कॉलवर ‘समन्स रद्द करतो, पैसे पाठवा’ म्हणाला तर एक पैसाही देऊ नका. फोन ठेवा आणि १९३० ही सायबर हेल्पलाइन लावा.