निवडीचे मोल

[लुइसा मे अल्कॉट (१८३२–१८८८) या अमेरिकन लेखिकेची ‘लिट्ल विमेन’ ही कादंबरी जगातील अनेक भाषांत गेली आहे. मराठीत शांता शेळके यांनी ‘चौघीजणी’ या नावाने तिचा अनुवाद केला आहे. या कादंबरीतील बहिणींपुढे आलेले काही कठीण प्रसंग व त्यांनी केलेली निवड यांचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे. अखेरीस मराठीतील एका थोर कादंबरीच्या नायिकेशी त्यांची तुलना केली आहे.]

विद्यार्थिमित्रांनो, माणूस वयाने केव्हा मोठा होतो हे सांगणे सोपे आहे; जन्मतारीख पाहिली की झाले. परंतु तो मनाने केव्हा मोठा होतो हे सांगणे कठीण. आपल्यापुढे दोन वाटा येतात, त्यांपैकी एकच धरता येते, आणि कोणती धरावी हे दुसऱ्या कोणी सांगून भागत नाही, असा एक दिवस प्रत्येकाच्या आयुष्यात उगवतो. त्या दिवशी मुलगा किंवा मुलगी बालपणाचा उंबरठा ओलांडते. प्रत्यक्ष आयुष्यात अशा वेळी आपण इतके गोंधळलेले असतो, की स्वतःच्या मनात काय चालले आहे हेही आपणांस नीट उमगत नाही. चांगली कादंबरी मात्र असा प्रसंग आपल्यापुढे सावकाश उलगडून ठेवते, आणि ‘मी तेथे असतो तर काय केले असते?’ असा प्रश्न आपण आपल्यालाच विचारू लागतो.

‘लिट्ल विमेन’ या कादंबरीचा पहिला भाग १८६८ साली व दुसरा १८६९ साली प्रसिद्ध झाला. कथेचा काळ अमेरिकेतील यादवी युद्धाचा आहे. हे युद्ध १८६१ पासून १८६५ पर्यंत चालले होते. मार्च नावाच्या एका कुटुंबातील वडील सैनिकांचे धर्मोपदेशक म्हणून रणभूमीवर गेले आहेत. घरी आई आणि चार मुली आहेत. कथेच्या आरंभी मेग सोळा वर्षांची, ज्यो पंधरा वर्षांची, बेथ तेरा वर्षांची आणि एमी बारा वर्षांची आहे. एके काळची सुस्थिती ओसरली आहे. मेग एका श्रीमंताच्या घरी मुलांना शिकवते. ज्यो ही मार्चआत्या नावाच्या, वडिलांच्या धनाढ्य व तापट आत्याच्या सोबतीला जाते. ज्यो उंच, धांदरट, फटकळ आणि पुस्तकवेडी आहे. आपण मोठी लेखिका व्हावे ही तिची महत्त्वाकांक्षा.

एके दिवशी तार येते, की वडील वॉशिंग्टनच्या रुग्णालयात अत्यवस्थ आहेत. आईला तातडीने निघणे भाग आहे. पण प्रवासाला पैसा कोठून आणावा? मार्चआत्येकडे चिठ्ठी पाठवून तो उसना मागावा लागतो. आत्याबाई पैसे देतात, पण सोबत बोल लावण्यास विसरत नाहीत. ज्योला हे फार लागते. त्याहून अधिक एक गोष्ट तिला बोचते. मेगने आपला पगार घरभाड्यासाठी दिला होता आणि आपण मात्र आपल्या कमाईचे कपडे घेतले, ही ती गोष्ट. ती घराबाहेर पडते. विकण्याजोगे आपल्यापाशी काय आहे, असा विचार करीत ती रस्त्याने चालली असता एका न्हाव्याच्या दुकानात तिला विक्रीस ठेवलेल्या वेण्या दिसतात. त्यांतील एका काळ्या वेणीची किंमत चाळीस डॉलर लिहिलेली असते, आणि ती वेणी तर ज्योच्या केसांइतकी दाटही नसते! ज्यो आत शिरते. न्हावी प्रथम नाखूष असतो. परंतु त्याच्या बायकोचा मुलगाही सैन्यात असतो. ती मध्ये पडते आणि सौदा ठरतो. संध्याकाळी ज्यो घरी येते ती पंचवीस डॉलर घेऊन. डोक्यावरची टोपी काढताच सर्वांच्या तोंडून एकच उद्गार निघतो. रूपाने साधारण असलेल्या ज्योचे लांब, दाट केस हेच तिचे एकमेव सौंदर्य होते.

सर्वांसमोर ज्यो हसते, विनोद करते, ‘डोके कसे हलके झाले’ असे म्हणते. येथेच लेखिका थांबली असती तर ही एक सरळ त्यागाची गोष्ट झाली असती. परंतु रात्री दिवा मालवल्यावर मेगला दबलेले हुंदके ऐकू येतात. ज्यो रडत असते. वडिलांसाठी का? नाही, केसांसाठी. पुन्हा तसा प्रसंग आला तर मी पुन्हा हेच करीन, असे ती सांगते आणि तरीही रडते. हा भाग फार लक्षपूर्वक वाचावा. जे सहज देता येते ते देण्यात विशेष काय आहे? आपण सोडले ते प्रिय होते हे मान्य करणे आणि तरीही केलेल्या निवडीचा पश्चात्ताप न करणे, या दोन गोष्टी एकाच मनात नांदू शकतात, हे त्या रात्री पंधरा वर्षांची ज्यो शिकते.

या बहिणींपुढे असे प्रसंग वारंवार येतात, आणि प्रत्येकीचा प्रसंग निराळा आहे. मेगला सुंदर वस्त्रांची, सुखवस्तू संसाराची हौस आहे. शेजारच्या लॉरीला शिकवणारे ब्रूक नावाचे गरीब शिक्षक तिला मागणी घालतात, तेव्हा ती खरे तर नकार देण्याच्या बेतात असते. तेवढ्यात मार्चआत्या येऊन धमकावते, की या माणसाशी लग्न केलेस तर माझ्या संपत्तीतील एक कवडीही तुला मिळणार नाही. त्या धमकीने मेगला आपल्या मनाचा ठाव लागतो. ती ब्रूकची बाजू घेऊन बोलू लागते आणि गरिबीचा संसार जाणून-बुजून पत्करते. एमीची गोष्ट वेगळी. घरातल्या कोणीतरी श्रीमंताशी लग्न करावयास हवे, म्हणजे सर्वांचे भले होईल, असा हिशोब मांडून ती युरोपात असताना एका धनिक तरुणाला होकार देण्याचे ठरवते. पण तो क्षण येतो तेव्हा हा हिशोब आपल्याला पेलणार नाही हे तिला कळून चुकते, व ती नकार देते.

सर्वांत अवघड परीक्षा पुन्हा ज्योचीच. लॉरी हा तिचा जिवलग मित्र. तो श्रीमंत आहे, उमदा आहे, घरातल्या सर्वांचा लाडका आहे. शिक्षण संपताच तो तिला मागणी घालतो. ज्यो हो म्हणाली असती तर घरची ओढाताण एका दिवसात संपली असती. तथापि ती नाही म्हणते. आपण दोघेही हट्टी आणि शीघ्रकोपी आहोत, आपले पटणार नाही; शिवाय पत्नीने जे प्रेम करावे ते माझ्या मनात नाही, असे ती त्याला स्पष्ट सांगते. मित्राला दुखवताना तिला अतिशय यातना होतात. पुढे बेथ वारते, मेग आपल्या संसारात असते, एमी दूर असते आणि ज्योला घर खायला उठते. त्या वेळी, लॉरीने पुन्हा विचारले असते तर कदाचित आपण हो म्हटले असते, असे ती आईजवळ कबूल करते. पण ते प्रेमामुळे नव्हे, तर एकाकीपणामुळे, हेही ती प्रामाणिकपणे सांगते. योग्य निर्णयानंतर लगेच सुख मिळतेच असे नाही, ही गोष्ट मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकात इतक्या सरळपणे क्वचितच सांगितली जाते.

ही कथा एवढी खरी वाटते याचे कारण लेखिकेच्या चरित्रात सापडते. अल्कॉटबाईंचे बालपण ओढग्रस्तीत गेले. घर चालवण्यासाठी त्यांनी शिवणकाम केले, शिकवण्या केल्या, टोपणनावाने सनसनाटी कथाही लिहिल्या. युद्धकाळात, १८६२ च्या अखेरीस, त्या जखमी सैनिकांची शुश्रूषा करण्यासाठी परिचारिका झाल्या. तेथे त्यांना विषमज्वराने गाठले आणि त्या आजारात त्यांचे लांबसडक केस कापावे लागले. ज्योचे अश्रू कोठून आले हे आता तुमच्या ध्यानात येईल. पहिला भाग प्रसिद्ध होताच या मुलींची लग्ने कोणाशी होणार, अशी विचारणा करणारी पत्रे वाचक मुलींकडून येऊ लागली. ज्योने अविवाहित राहून लेखिकाच व्हावे, अशी अल्कॉटबाईंची इच्छा होती. अखेर त्यांनी मध्यम मार्ग काढला. ज्यो आणि लॉरी यांचा विवाह त्यांनी काही केल्या लावला नाही. भायेर नावाच्या निर्धन, प्रौढ, विद्वान प्राध्यापकाशी तिची गाठ घालून दिली. स्वतः अल्कॉटबाई मात्र जन्मभर अविवाहित राहिल्या आणि लेखणीच्या बळावर त्यांनी आपल्या कुटुंबाला ऋणमुक्त केले.

आता एक प्रश्न उरतो. ज्योला निवड करता आली, कारण तिला निवड करू देणारी माणसे तिच्याभोवती होती. तिच्या आईने सल्ला दिला, पण सक्ती केली नाही. ज्या मुलीला ही मोकळीकच नाही, तिचे काय?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या मराठीतच आहे. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० साली निघालेल्या ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. तिची नायिका यमू आपली कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगते. यमू बुद्धीने ज्योहून कमी नाही. बालपणीच तिचे लग्न होते. पती रघुनाथराव सुधारक वृत्तीचे असतात; त्यांच्या उत्तेजनाने ती लिहावाचावयास शिकते. मुंबईच्या बिऱ्हाडात तिला थोडे मोकळे दिवस लाभतात. पण रघुनाथराव अकाली वारतात आणि सासरची माणसे यमूच्या इच्छेविरुद्ध, बळजबरीने तिचे केशवपन करवतात. तो आघात तिला सोसत नाही.

दोन मुली, दोन देश, आणि दोघींच्याही डोक्यावरचे केस गेले. परंतु दोन प्रसंगांत केवढे अंतर आहे पहा! ज्योने केस दिले. यमूचे केस हिरावून घेतले. ज्योच्या अश्रूंत दुःख होते, पण अपमान नव्हता. म्हणून केसांच्या लांबीवरून किंवा पैशांवरून या दोन घटनांचे मोल ठरत नाही. ज्याचे त्याला ठरवू दिले होते की नव्हते, यावर ते ठरते.

यमूची कहाणी वाचून त्या काळच्या अनेक घरांत डोळे ओलावले. समाज मात्र नुसते डोळे ओलावण्यावर थांबलेला नव्हता. १८९० सालीच नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी सभा भरवून विधवांचे केशवपन न करण्याचा निश्चय केला. केशवपन हे त्यांच्या उपजीविकेचे काम होते. ते नाकारताना त्यांना मिळकतीवर पाणी सोडावे लागणार होते. म्हणजे त्यांच्यापुढेही दोन वाटा होत्या, आणि त्यांनीही किंमत मोजून एक निवडली. इतरांना निवडीचा हक्क मिळावा म्हणून आपण काही सोडणे, ही निवड सर्वांत श्रेष्ठ म्हटली पाहिजे.

मित्रांनो, तुमच्यापुढेही आज ना उद्या असे प्रसंग येतील. कोणी पुढे शिकावे की घराला हातभार लावावा, मैत्री राखावी की सत्य बोलावे, सर्वांना आवडेल ते करावे की आपल्याला पटेल ते, असे प्रश्न उभे राहतील. त्यांची तयार उत्तरे कोणत्याही कादंबरीत मिळणार नाहीत. मात्र वडीलधाऱ्यांचा सल्ला ऐकावा, आपल्या मनाशी खोटे बोलू नये, आणि जी वाट धरली तिचे मोल कुरकुर न करता द्यावे, एवढे ज्यो आपल्याला शिकवते. आणि आपल्या घरातील, शेजारातील एखाद्या यमूला तिची वाट निवडण्याची मोकळीक आहे की नाही, हे लक्षात घेण्याची जबाबदारी आपली आहे.

शब्दार्थ
यादवी युद्ध – एकाच देशातील लोकांत आपापसांत होणारे युद्ध.
अत्यवस्थ – प्रकृतीने फार गंभीर स्थितीत असलेला.
ठाव लागणे – खोली कळणे. खरे स्वरूप समजणे.
ओढग्रस्ती – पैशाची टंचाई.
विषमज्वर – टायफॉइड.
केशवपन – विधवेच्या डोक्यावरील केस काढून टाकण्याची जुनी रूढी.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ज्योची महत्त्वाकांक्षा कोणती होती?
(आ) मार्चआत्येने मेगला कोणती धमकी दिली?
(इ) लॉरीला नकार देताना ज्योने कोणती कारणे सांगितली?
२. केस विकल्यावर ज्यो दिवसा हसली आणि रात्री रडली. यावरून तिच्या स्वभावाविषयी काय समजते ते पाच-सहा ओळींत लिहा.
३. ‘ज्योने केस दिले, यमूचे केस हिरावून घेतले.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. मुंबईच्या नाभिकांच्या निश्चयाला लेखकाने श्रेष्ठ निवड का म्हटले आहे?
५. वाक्यात उपयोग करा : उंबरठा ओलांडणे, बोल लावणे, घर खायला उठणे, पाणी सोडणे.
६. तुम्ही वाचलेल्या एखाद्या कथेतील मुलीपुढे आलेला कठीण प्रसंग व तिने घेतलेला निर्णय आपल्या शब्दांत लिहा. तो निर्णय तुम्हांस पटला काय? कारण द्या.